पाळणा आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये: बाळाचा कॅमेरा टीव्हीवर कसा आणायचा

बाळ आतल्या खोलीत झोपलेलं असतं, आजी हॉलमध्ये मेथी निवडत बसलेली असते, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी उठून दार किलकिलं करून बघतं. दार करकरलं की बाळ जागं. कॅमेरा घेतला तरी तो दिसतो एकाच मोबाइलवर, आणि तो मोबाइल खिशात टाकून बाबा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला गेले की घरच्यांना पुन्हा दार उघडूनच बघावं लागतं.

टीव्ही सगळ्यांच्या समोर असतो, म्हणून चित्र तिथे आणायचं. जोडणी जमली की नाही याची कसोटी एकच: रिमोटची दोन-तीन बटणं दाबून आजीला बाळ दिसलं पाहिजे. 'आधी अ‍ॅप उघडा, मग लॉगिन करा' असं रोज सांगावं लागत असेल तर काम अर्धंच झालंय.

आधी कॅमेऱ्याची जात ओळखा

'बेबी कॅमेरा' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे वाय-फाय कॅमेरा. घरात ठेवायचा, मान फिरवणारा, टॅपो सी२०० सारखा. हा खास बाळासाठी बनवलेला नसतो, पण सगळ्यात जास्त घरांत हाच असतो.

दुसरी, जोडीने येणारा मॉनिटर: एक कॅमेरा आणि हातात धरायचा एक छोटा स्क्रीन. याला वाय-फाय लागत नाही, दोघं आपापसात २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. टीव्हीला जोडायचा तर हातातल्या स्क्रीनला 'एव्ही आउट'चं भोक हवं. काही जुन्या मॉडेलना ते असतं, नव्यांना सहसा नसतं. नसेल तर विषय तिथेच संपला. सिग्नल बाहेरच येत नसेल तर कन्व्हर्टर घेऊन तो कशाला जोडणार?

तिसरी, सीसीटीव्हीचा वायरवाला कॅमेरा. जुन्या वाड्यांत याचाच उपयोग होतो, त्यावर शेवटी बोलू.

वाय-फाय कॅमेरा अजून घ्यायचा असेल तर एम.जी. रोडवर दुकानात एकच प्रश्न विचारा: 'यात आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ आहे का?' आरटीएसपी म्हणजे कॅमेऱ्याने घरातल्या घरात उघडून ठेवलेली चित्राची वाट. कंपनीचं अ‍ॅप नसलं तरी साधा व्हिडिओ प्लेअर त्या वाटेने चित्र ओढून घेतो. ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची सामाईक भाषा. काउंटरवरून 'हो, सगळं चालतं' असं उत्तर आलं तरी तो शब्द खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. टॅपोच्या प्लगवर चालणाऱ्या घरगुती कॅमेऱ्यांत ही सोय असते, बॅटरीवर चालणाऱ्यांत नसते. शाओमीच्या अनेक कॅमेऱ्यांत ती मिळत नाही.

टीव्ही कोणता आहे

अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असेल तर प्ले स्टोअरमधून व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उतरवा. आणखी काही विकत घ्यायची गरज नाही. सॅमसंग आणि एलजीच्या स्मार्ट टीव्हींची व्यवस्था वेगळी आहे, त्यांच्या स्टोअरमध्ये व्हीएलसी मिळत नाही. अशा टीव्हीला आणि स्मार्ट नसलेल्या साध्या एलईडीलाही एचडीएमआयमध्ये व्हीएलसी चालणारी फायर टीव्ही स्टिक लावली की काम होतं. स्टिकला वीज तिच्या स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवरूनच द्या. टीव्हीच्या यूएसबी भोकातून घेतली तर बऱ्याचदा पुरत नाही, आणि स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते.

लाल-पांढरी-पिवळी पिन असलेला जुना डबा टीव्ही असेल तर स्टिक आणि टीव्हीच्या मध्ये कन्व्हर्टर लागतो. मागताना 'एचडीएमआय टू एव्ही' असंच सांगा. 'एव्ही टू एचडीएमआय' नावाची दिसायला हुबेहूब डबी मिळते, पण ती उलट्या दिशेने चालते. कन्व्हर्टरवर पाल आणि एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या दोन पद्धतींचं छोटं बटण असतं, ते पालवर ठेवा. चित्र काळं-पांढरं दिसत असेल किंवा वरखाली पळत असेल तर आधी हे बटण बघा.

कॅमेरा कुठे लावायचा

टीव्हीची जोडणी तासाभरात होते. कॅमेऱ्याची जागा चुकली तर मात्र रोज त्रास होतो, म्हणून इथे घाई करू नका.

वायर हा पहिला मुद्दा. कॅमेऱ्याची किंवा चार्जरची कुठलीही वायर बाळाच्या हाताला लागेल अशी नको. पाळण्यापासून किमान ३ फूट अंतर ठेवा. आपल्याकडे पाळणा झुलतो, झोळी तर त्याहून जास्त. म्हणून हे ३ फूट पाळणा स्थिर असताना मोजायचे नाहीत, झोका सगळ्यात लांब जातो तिथून मोजायचे. पाळण्याच्या कठड्यावर, झोळीच्या दोरीला किंवा मच्छरदाणीच्या दांडीला कॅमेरा बांधू नका. भिंतीवर ५ ते ६ फूट उंचीवर स्क्रूने बसवा आणि वायर भिंतीला पट्टीत बंद करून प्लगपर्यंत न्या. आज हात पुरत नाही, पण बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की दोरी-वायर काहीही धरून ओढतं.

मच्छरदाणी. रात्री कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लावतो. आपल्याला तो प्रकाश दिसत नाही, पण मच्छरदाणीच्या जाळीवरून उलटून तो कॅमेऱ्यात शिरतो, मग टीव्हीवर पांढरं धुकं दिसतं आणि आत बाळ आहे की नुसतं दुपटं हे कळत नाही. अ‍ॅपमध्ये नाइट व्हिजन बंद करा आणि खोलीत मंद झिरोचा दिवा ठेवा, तो शक्यतो मच्छरदाणीच्या पलीकडच्या बाजूला. कॅमेरा दिवसाच्या पद्धतीने चालतो, चित्र थोडं दाणेदार येतं पण बाळ दिसतं. थंडीत निफाडकडून गार वारं सुटलं की बाळ कुंची-दुपट्यात गुंडाळलेलं असतं. तेव्हा चेहरा दिसेल असा कोन निवडा. पायाच्या बाजूने बघणाऱ्या कॅमेऱ्याला फक्त गाठोडं दिसतं.

खिडकीकडे तोंड करून कॅमेरा लावला तर दिवसा बाळाची नुसती सावली दिसेल. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला हवी.

मोशन ट्रॅकिंग म्हणजे हलत्या वस्तूमागे मान फिरवणं. पाळण्याच्या खोलीत ते बंदच ठेवा. नाहीतर कॅमेरा झोक्याबरोबर डावी-उजवी करत राहतो आणि मोबाइलवर दर मिनिटाला सूचना येते. दोन दिवसांत घरातले सगळे त्या सूचनेकडे बघायचं सोडून देतात. 'बेबी क्राय डिटेक्शन' असेल तर तेवढं चालू ठेवा. पंख्याच्या अगदी खाली कॅमेरा असेल तर माइकमध्ये घरघर भरते आणि बारीक रडणं त्यात बुडतं, म्हणून तो बाजूच्या भिंतीवर घ्या.

मुख्य जोडणी: आरटीएसपी आणि व्हीएलसी

खालच्या पायऱ्या टॅपोच्या आहेत. दुसऱ्या कंपनीत नावं बदलतील, क्रम हाच राहील.

१. कॅमेरा त्याच्या अ‍ॅपमध्ये जोडून घ्या. असे बहुतेक कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात. राउटर दोन नावं दाखवत असेल तर ज्याच्या शेवटी ५जी नाही ते निवडा. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर असला तरी चालतो, राउटर एकच असला की झालं. पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट' नेटवर्क मात्र नको. त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

२. अ‍ॅपच्या 'मी' टॅबमध्ये 'थर्ड-पार्टी सर्व्हिसेस' (जुन्या आवृत्तीत 'टॅपो लॅब') उघडून 'थर्ड-पार्टी कम्पॅटिबिलिटी' चालू करा. ही पायरी राहिली तर पुढचं सगळं बरोबर करूनही पडदा काळाच राहतो.

३. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज', त्यात 'कॅमेरा अकाउंट'. इथे नवं नाव आणि नवा पासवर्ड तयार करा. हे अ‍ॅपच्या लॉगिनपेक्षा वेगळं असतं, आणि बहुतेक जण इथेच गोंधळतात. पासवर्ड लांब ठेवा, पण त्यात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे घ्या. @, कोलन किंवा तिरपी रेघ आली की पत्त्याचे तुकडे चुकीच्या जागी पडतात.

४. 'डिव्हाइस इन्फो'मध्ये कॅमेऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, असतो. जिओफायबरच्या घरात तो साधारण १९२.१६८.२९ ने सुरू होतो, इतर अनेक राउटरवर १९२.१६८.१ ने. पूर्ण पत्ता कागदावर उतरवा.

५. आता तो पत्ता पक्का करा. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि कॅमेऱ्याला कधीकधी नवाच पत्ता देऊन टाकतो. टीव्ही जुन्या पत्त्यावर शोधत बसतो. मग 'काल चालत होतं, आज का नाही' असं होतं. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा (जिओफायबरचं १९२.१६८.२९.१), लॉगिन करा, 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि कॅमेऱ्याचा मॅक पत्ता (त्याची न बदलणारी ओळख) त्या आयपीला बांधून टाका. कंटाळा करू नका, पुढच्या निम्म्या तक्रारी याच्याने टळतात.

६. टीव्हीला द्यायचा पूर्ण पत्ता असा बनतो. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे कुठेही मोकळी जागा न सोडता: आरटीएसपी, कोलन, दोन तिरप्या रेघा, कॅमेरा अकाउंटचं नाव, कोलन, पासवर्ड, @, कॅमेऱ्याचा आयपी, कोलन, ५५४, एक तिरपी रेघ, स्ट्रीम आणि त्याला चिकटून १. नाव-पासवर्ड मात्र जसे ठेवलेत तसेच लिहा. स्ट्रीम १ म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, स्ट्रीम २ म्हणजे हलकं. ५५४ हा आरटीएसपीचा ठरलेला दरवाजा आहे.

७. टीव्हीवर व्हीएलसी उघडा, 'न्यू स्ट्रीम' शोधा आणि हा पत्ता भरा. काही सेकंदांत चित्र यायला हवं. पत्ता यादीत राहतो, त्याला 'बाळ' असं नाव देऊन ठेवा.

रिमोटने एवढा पत्ता टाइप करणं म्हणजे शिक्षाच आहे, आणि चूक नेमकी तिथेच होते. गूगल टीव्ही किंवा फायर टीव्हीचं अ‍ॅप मोबाइलवर घेतलं की मोबाइलच्या कीबोर्डवरून टाइप करता येतं. याहून सोपी युक्ती अशी: कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये हा पत्ता एका ओळीत लिहा, फाइलचं नाव 'बाळ' इंग्रजीत लिहून पुढे डॉट एम३यू असं द्या, पेनड्राइव्हवर टाका आणि तो टीव्हीच्या यूएसबीत लावा. व्हीएलसीत पेनड्राइव्ह उघडून ती फाइल दाबली की चित्र सुरू. आजीसाठी हीच पद्धत सगळ्यात सोयीची: व्हीएलसी, पेनड्राइव्ह, बाळ. नोटपॅडने फाइलच्या नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी जोडलेलं नाही ना, तेवढं तपासा.

ऑनव्हिफ असलेल्या कॅमेऱ्यासाठी अँड्रॉइड टीव्हीवर टायनीकॅम हे अ‍ॅपही चालतं. ते घरच्या नेटवर्कवरचे कॅमेरे स्वतः शोधतं, तुम्ही फक्त कॅमेरा अकाउंटचं नाव-पासवर्ड द्यायचा.

हे सगळं राउटरच्या आतल्या आत चालतं, इंटरनेटचा डेटा लागत नाही. नेट बंद पडलं तरी राउटर चालू असेपर्यंत टीव्हीवर बाळ दिसतं. उलट बाजूही लक्षात घ्या: सिन्नरच्या मावशीला या पत्त्यावरून काही दिसणार नाही. तिच्यासाठी अ‍ॅपमधला 'शेअर' वापरा. बाहेरून दिसावं म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कधीच करू नका. कुणी सुचवलं तरी नाही. त्यात तुमच्या बेडरूमचा दरवाजा अख्ख्या इंटरनेटसाठी उघडा राहतो.

काय बिघडतं आणि का

चित्रच येत नाही. मोबाइलवर व्हीएलसी घेऊन तोच पत्ता त्यात टाका. मोबाइलवर दिसलं तर चूक टीव्हीतल्या टायपिंगची आहे किंवा टीव्ही दुसऱ्या वाय-फायवर आहे. मोबाइलवरही नसेल तर पायरी २, ३ आणि ४ पुन्हा बघा. नाव-पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारत असेल तर तुम्ही अ‍ॅपचा पासवर्ड दिलाय, कॅमेरा अकाउंटचा नाही.

चित्र अडखळतं, राखाडी पट्टे येतात. कॅमेऱ्याजवळ वाय-फाय कमजोर आहे. आधी स्ट्रीम २ लावून बघा. टीव्हीवर ते थोडं धूसर दिसतं, पण बाळ हललं की कळतं आणि तेवढंच हवं असतं. व्हीएलसीच्या प्रगत सेटिंगमध्ये खास पर्यायांची जागा असते. तिथे दोन आडव्या रेघा, आरटीएसपी, एक आडवी रेघ, टीसीपी असं इंग्रजीत लिहिलं तर हरवलेले तुकडे पुन्हा मागवले जातात आणि पट्टे कमी होतात.

चित्र उशिरा येतं. १ ते ३ सेकंदांचा उशीर धरूनच चला. त्याहून जास्त असेल तर व्हीएलसीतलं 'नेटवर्क कॅशिंग' कमी करा. ३०० मिलिसेकंद ठेवून बघा, अडखळलं तर वाढवा.

आवाज आहे पण पडदा काळा. कॅमेरा एच.२६५ या चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीत चित्र पाठवतोय आणि जुन्या टीव्हीला किंवा स्टिकला ते उलगडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पर्याय असेल तर जुनी एच.२६४ निवडा.

हॉलमधला आवाज घुमतो. टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडे कॅमेऱ्याच्या माइकमध्ये जातो आणि दोन सेकंदांनी पुन्हा टीव्हीतून येतो. दार लोटून घ्या, आवाज थोडा कमी करा.

टीव्ही आपोआप बंद होतो. काही तास रिमोटला हात लागला नाही की अनेक टीव्ही स्वतःहून झोपतात. 'एनर्जी' किंवा 'पॉवर' सेटिंगमध्ये ती वेळ वाढवता येते. पण टीव्ही हा बघण्यासाठी आहे, जागं करण्यासाठी नाही. मालिका लावली की कॅमेऱ्याचं चित्र जातं, म्हणून रडण्याची सूचना मोबाइलवर चालूच ठेवा. आणि कॅमेरा श्वास मोजत नाही. आजारी किंवा कमी वजनाच्या बाळाजवळ माणूसच बसलेलं हवं.

लाइट गेली की कॅमेरा आणि राउटर दोन्ही बंद. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. कॅमेराही त्यावर घ्यायचा तर व्होल्ट जुळवून घ्या. टॅपो सी२०० ला ९ व्होल्ट लागतात, यूएसबीवर चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांना ५. पिन बसते म्हणून १२ व्होल्टची वायर खुपसली तर कॅमेरा जळतो. टीव्ही बंद असला तरी एवढ्यावर मोबाइलमध्ये बाळ दिसत राहतं.

आरटीएसपी नसेल तर

अँड्रॉइड मोबाइलवर कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडा आणि 'कास्ट' किंवा 'स्मार्ट व्ह्यू'ने पडदा टीव्हीवर टाका. तासाभरासाठी ठीक. रोजसाठी वैताग, कारण मोबाइल लॉक झाला की चित्र गेलं आणि फोन आला की सगळ्या हॉलला कळतं कुणाचा ते. घरात जुना मोबाइल पडून असेल तर तो चार्जरला लावून याच कामासाठी ठेवा. टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेण्याआधी मोबाइल त्यातून चित्र बाहेर देतो का ते तपासा. स्वस्त मोबाइलमध्ये ही सोय सहसा नसते, भोक तेच दिसत असलं तरी.

फायर टीव्ही असेल आणि कॅमेऱ्याला अलेक्साची साथ असेल तर अलेक्सा अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याचं स्किल जोडून बोलून चित्र मागवता येतं. कॅमेऱ्याचं नाव छोटं आणि स्पष्ट ठेवा.

जुना वाडा, जाड भिंती

जुन्या नाशकात किंवा पंचवटीत दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंती असतील तर वाय-फाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताजाताच मरतं. राउटर बदलून फार फरक पडत नाही. तिथे लॅनची वायर ओढून आतल्या खोलीत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) लावा, किंवा सरळ वायरचा कॅमेरा घ्या.

वायरच्या कॅमेऱ्याला ३+१ केबल (चित्राची एक, बाकी तीन तारा), चित्रासाठी दोन बीएनसी पिना, विजेसाठी एक डीसी पिन आणि १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. डीव्हीआर (चित्र साठवणारा डबा) असेल तर तो एचडीएमआयने टीव्हीला जोडा. मग आजीला फक्त इनपुट बदलायचा. डीव्हीआर नको असेल तर चार प्रकारांत चालणारा एचडी कॅमेरा घ्या आणि त्याच्या वायरवरच्या बटणाने तो सीव्हीबीएसवर, म्हणजे जुन्या टीव्हीच्या साध्या सिग्नलवर, आणा. बीएनसीला आरसीए पिन लावून टीव्हीच्या पिवळ्या भोकात घातलं की चित्र येतं. एचडी मोडमध्येच राहिला तर टीव्ही 'सिग्नल नाही' म्हणेल आणि तुम्ही उगाच वायर तपासत बसाल. या जोडणीत आवाज येत नाही. हवा असेल तर सीसीटीव्हीचा छोटा माइक वेगळा लावा आणि त्याची वायर टीव्हीच्या पांढऱ्या भोकात घाला. पासवर्ड नाही, अ‍ॅप नाही, राउटर नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे सगळ्यात टिकाऊ ठरतं.

बेडरूम हॉलमध्ये दिसतेय

बाळाला पाजायची, कपडे बदलायची खोली आता हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर आहे. बारशाला आलेले पाहुणे समोर बसलेत आणि कुणीतरी सहज व्हीएलसी उघडलं, असं व्हायला नको. अ‍ॅपमधला 'प्रायव्हसी मोड' बाळाच्या आईच्या मोबाइलवर हाताशी ठेवा. तो लावला की टीव्हीवरचं चित्रही थांबतं. वायरच्या कॅमेऱ्याला ही सोय नसते, त्याचा प्लग खोलीच्या आतूनच बंद करता येईल असा ठेवा. मालिशवाल्या मावशींना आणि बाळ सांभाळणाऱ्या ताईंना कॅमेरा आहे हे आधीच सांगा.

एम३यू फाइलमध्ये आणि व्हीएलसीच्या यादीत पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. टीव्ही दुरुस्तीला देताना किंवा विकताना ती यादी पुसा, पेनड्राइव्ह काढून घ्या आणि कॅमेरा अकाउंटचा पासवर्ड बदला.